दोन आणि चार नंबरच्या बाटल्या

माझ्या शाळेचं गाव सास्तूरपासून जवळ. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ते माळावर नव्यानं वसवलं. रस्ते सरळ, घरं ओळीनं, सगळं आखीवरेखीव; फक्त पाणी मचूळ. जुन्या गावठाणातली विहीर मात्र गोड्या पाण्याची. म्हणून अजूनही बायका प्यायचं आणि डाळीचं पाणी तिथूनच आणतात. नव्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ टाकली तर दोन तास चुलीवर राहूनही ती पहिल्यासारखीच बोटाला टोचते. "ह्या पाण्यात डाळ शिजत न्हाय," एवढं एका बाईनं म्हटलं की त्या पाण्याचा निकाल लागला. त्यावर अपील नाही.

मी तुळजापूरची. आमच्या घरात पुजारी, मास्तर आणि कारकून यांच्याशिवाय चौथा प्रकार जन्माला आला नाही. सोळा वर्षांपूर्वी मी या शाळेवर आले आणि बायकांचं हे ज्ञान बघून चाट पडले. मग मी त्याचा तास केला. शनिवारी मुलांनी घरून बाटलीत पाणी आणायचं, मी ते वाट्यांत ओतायचं, डोळे मिटून एकेकानं थेंब जिभेवर घ्यायचा आणि सांगायचं, कुठलं पाणी. वर्षातून एकदा डाळीची परीक्षा: पाच पातेली, पाच पाणी, मूठ-मूठ डाळ, एकाच वेळी खाली उतरवायची आणि चिमटीत दाबून बघायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. त्याचा मला अभिमान होता, आणि तो लपवायची कला मला कधी जमली नाही.

याच तासात एक पोरगी मला सापडली. पहिलीत होती, दात पडलेले, नाक वाहतं. एकदा वाटीतला थेंब जिभेवर घेतला आणि म्हणाली, "बाई, ह्ये पाणी एकलं न्हाय. ह्याच्यात दोन पाणी हायती." वर्ग हसला. ज्याची बाटली होती त्याच्या आईला मी संध्याकाळी गाठलं. ती म्हणाली, विहिरीचं थोडं कमी पडलं म्हणून वरून बोअरचं ओतलं होतं. त्या दिवसापासून ती पोरगी माझी झाली. मला दोन मुलगे, दोघंही पुण्याला, दोघांनाही माझ्याशी फोनवर बोलायला विषय लागतो. या पोरीला विषय लागत नसे. कोपऱ्यावर माझी वाट बघायची, माझी पिशवी घ्यायची आणि शाळेच्या दारापर्यंत घरच्या शेळीची बातमीपत्रं सांगायची.

मग ती चौथीत गेली आणि शाळेवर नव्या मॅडम आल्या.

शाळा दोनशिक्षकी. मुख्याध्यापकाचा कारभार माझ्याकडं, कागद ढीगभर, म्हणून मीच शहाणपणानं तिसरी-चौथी त्यांना दिली आणि पहिली-दुसरी स्वतःकडं ठेवली. मॅडम तिशीच्या, कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावच्या, लग्न होऊन उमरग्याला आलेल्या. मला त्या ताई म्हणायच्या. मुलं मला मोठ्या बाई म्हणायची, त्यांना मात्र पहिल्या दिवसापासून मॅडम. सोळा वर्षांत मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं, आणि मला ते नकोही होतं. तरी ते ऐकलं की काहीतरी टोचायचं.

नव्याचे नऊ दिवस, अशी मी मनाची समजूत घातली. दहावा दिवस काही उजाडला नाही. मॅडम रंगीत खडूनं फळ्यावर मासा काढायच्या, तो इतका हुबेहूब की माझी दुसरीची पोरं खिडकीत लटकायची. बोरं, हरभऱ्याचा ढाळा, जे पूर्वी माझ्या टेबलावर यायचं ते आता त्यांच्या टेबलावर जायला लागलं. मी खायचे नाही कधी, वाटूनच टाकायचे, पण आपल्याच टेबलावरून वाटण्यात वेगळं सुख असतं. एका शनिवारी त्या माझ्या पाण्याच्या तासाला दारात उभ्या राहिल्या. मनापासून खूश झाल्या. म्हणाल्या, "ताई, किती छान आहे हे! तुम्ही हे कुठं वाचलंत?"

कुठं वाचलंत! मी म्हणाले, "वाचलं नाही," आणि वाट्या विसळायला घेतल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय उपयोग? रात्रीच्या भाकरीबरोबर तेच वाक्य चावत बसले.

दिवाळीनंतर त्यांनी सहलीचं काढलं. चौथीची चौदा मुलं, दोन मुक्काम, त्यांच्या माहेरच्या गावची शाळा राहायला आणि त्यांच्या काकांच्या होड्या फिरायला. किल्ले, देवळं काही बघायचं नाही. नदी समुद्राला मिळते तिथं पाणी कुठून कुठवर खारं होतं ते मुलांनी स्वतः मोजायचं, एवढंच. मुलांच्या आयांनी मला विचारलं, "मोठ्या बाई, तुमी हायसा नव्हं संगं?" मी होते. मी लक्ष ठेवायला गेले. कुणावर, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

निघण्याआधी आठवडाभर मॅडमनी मुलांकडून नळ्या करून घेतल्या. शीतपेयाची नळी, खालचं तोंड मेणानं बंद, आत सायकलचे बारके छर्रे, आणि बाहेरून पेननं मारलेल्या रेघा. ही नळी पाण्यात उभी तरंगते. पाणी जितकं खारं तितकी ती वर उचलली जाते आणि जास्त रेघा दिसतात. आम्ही मिठाच्या पाण्यात करून बघितलं तेव्हा मीसुद्धा तोंडात बोटं घातली. साधी गोष्ट, फुकटात होणारी, आणि मला सोळा वर्षांत सुचली नव्हती.

आणि त्याच आठवड्यात मॅडमनी वर्गात सांगितलं की तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आपल्या शाळेतर्फे ही पोरगी उभी राहील. खाडीची नोंदवही तिच्या हातात असेल. प्रदर्शनाला कोण जाणार हे आजवर मी ठरवत आले होते. मीही तिलाच पाठवलं असतं. पण मी पाठवलं असतं.

खाडी मी जन्मात पहिल्यांदा बघितली. आमच्याकडं नदी म्हणजे उन्हाळ्यात वाळू आणि पावसाळ्यात लाल लोंढा, आणि दोन्ही वेळा तिला उतार ठाऊक असतो. इथं बांधावर उभं राहून मुलं बघत होती आणि तिवराच्या मुळांमध्ये अडकलेलं एक पान खालून वरच्या बाजूला चालू लागलं. मग दुसरं. भरती आत शिरत होती. एक पोरगं किंचाळलं, "आरं, नदी उलटी चालू लालीय की!" बाकीची चिखलात उतरली. तिथं निवट्या नावाचे बोटभर मासे चिखलावर उड्या मारत होते, ते बघून पोरांनी डोक्यावर हात मारून घेतले. मासा आणि पाण्याबाहेर!

मॅडम अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत चिखलात, साडी खोचलेली. आमच्या शाळेच्या पटांगणात त्या जरा जपून चालायच्या, काळ्या ढेकळांची सवय नसल्यासारख्या. इथं त्या घरी होत्या. मी बांधावर, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात निऱ्या धरून. पोरगी पाण्याकडं एकटक बघत होती. तिनं विचारलं, "आता ह्ये पाणी कुणाचं म्हणायचं? नदीचं का समुद्राचं?"

तो प्रश्न तिनं मॅडमना विचारला. मी चार हातांवर होते.

पाच ठिकाणं ठरली होती. एक नंबर वरच्या बंधाऱ्यापलीकडं, पाच नंबर पार मुखाशी, आणि मधली तीन होडीनं जाताना. प्रत्येक ठिकाणी कोपरापर्यंत हात बुडवून बाटली भरायची, चिठ्ठीवर नंबर लिहून ती रबरानं बाटलीला बांधायची. आणि पोरीनं एक थेंब जिभेवर घेऊन, थुंकून, वहीत चव लिहायची. होडी हलायची म्हणून नळीची मोजणी शाळेच्या ओट्यावर, जेवणानंतर. तिनं लिहिलं: एक, गोडं. दोन, जरा मचूळ. तीन, मचूळ. चार, खारं. पाच, लई खारं. हे शब्द माझ्या तासातले. ती मोठ्यानं म्हणत लिहीत होती, मी दुसऱ्या होडीतून ऐकत होते आणि माझा ऊर भरून आला होता, हेही सांगायला हवं.

मग वल्हं मारणाऱ्या काकांना मॅडम म्हणाल्या, "काका, ही आमची शास्त्रज्ञ. हिची जीभ म्हणजे यंत्र आहे यंत्र. मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं."

मी थांबले. पुढचं वाक्य येईल म्हणून थांबले. हिला आमच्या ताईंनी तयार केलंय, एवढं तरी. ते आलं नाही. काकांनी कौतुकानं मान हलवली, पोरगी लाजून मॅडमच्या दंडाला चिकटली आणि होडी पुढं गेली. तीन वर्षं जिनं माझी पिशवी वाहिली तिला पहिल्याच आठवड्यात ओळखणाऱ्या ह्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजूबाजूला एवढं पाणी होतं, पण त्या आगीला त्याचा काही उपयोग नव्हता.

दुपारी सगळे मॅडमच्या घरी जेवायला गेले. माशाची आमटी आणि भात. आमची मुलं घरी मटण खाणारी, त्यांना काय, उड्या मारत गेली. मी मासे खात नाही. मॅडमच्या आईनं माझ्यासाठी वरणभात वेगळा केला होता, पण त्या वासात मला घास उतरला नसता. माझ्याजवळ दशम्या होत्या, शेंगाची चटणी होती. मी म्हणाले, "तुम्ही जेवून या सावकाश. मी बघते बाटल्यांकडं."

शाळेच्या ओट्यावर पाच बाटल्या ओळीत ठेवलेल्या. समोर माड, पलीकडं पाणी. मी दशमी खाल्ली, हात धुतले, पुसले. मग दोन नंबरच्या बाटलीचं रबर काढलं, चार नंबरचं काढलं, आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल करून रबरं परत चढवली. बाटल्याही एकमेकींच्या जागी ठेवल्या. मेथी निवडताना जेवढं लक्ष लागतं तेवढंच लागलं.

पोरीचा विचार आला नव्हता असं म्हटलं तर ते खोटं होईल. आला होता. पण माझा हिशेब वेगळा होता. तिची जीभ वहीत लिहून बसलेली, दोन म्हणजे जरा मचूळ, चार म्हणजे खारं. नळी नेमकं उलटं दाखवणार. मग लोक जिभेवर विश्वास ठेवतील आणि नळी खोटी पडेल. मॅडमच्या गावात, मॅडमच्या वडिलांसमोर, मॅडमची नळी. आणि जिंकणार ती माझी जीभ. आमच्या गावात असा वाद झाला असता तर बायकांनी ती नळी उकिरड्यावर फेकली असती. सगळं जग आमच्या गावासारखं आहे असं धरून मी चालले होते.

तीन वाजता ओट्यावर गर्दी झाली. त्या शाळेची मुलं, मॅडमचे वडील आप्पा, काका, दोन-चार बायका. मॅडमनी नळी सोडायला सुरुवात केली. एक नंबरला दोन रेघा दिसल्या. दोन नंबरला सहा. मॅडम थबकल्या. तीनला चार. चारला तीन. पाचला सात. तिथली मुलं हसायला लागली. त्यातला एक म्हणाला, "बाई, तुमची शाळा उलटी!" मॅडमचे वडील पुढं झाले, त्यांनी चष्मा वर करून नळी बघितली. मॅडमचा चेहरा उतरला. मला जे बघायचं होतं ते मी तिथंच बघितलं, पोटभर.

मग पोरगी उठली. कुणी न सांगता तिनं दोन नंबरच्या बाटलीतलं पाणी जिभेवर घेतलं. चार नंबरचं घेतलं. ती परत चाखेल हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. तिचं तोंड एवढंसं झालं. जीभ आता नळीचीच बाजू सांगत होती आणि वही वेगळं सांगत होती. तिनं वहीकडं बघितलं, बाटल्यांकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाटल्या बदलल्यात व्हय?"

मॅडम म्हणाल्या, "अगं, बाटल्यांपाशी तर तुमच्या मोठ्या बाई बसल्या होत्या."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. अर्धा क्षणसुद्धा नाही. मान हलवली. म्हणाली, "मंग न्हाय बदलल्या."

बस. तिथं विषय संपला. तिच्या डोक्यात आली होती तीच गोष्ट खरी होती, आणि माझं नाव निघाल्याबरोबर तिनं ती सोडून दिली. बोलायला तोंड होतं, जागा होती. मी पदर सारखा केला.

मॅडम तिच्याजवळ खाली बसल्या. "होतं गं असं. होडी हलत होती, तू घाईत लिहिलं असशील. नळीला घाई नसते. आपण नळीचं लिहू." पोरीनं दप्तरातून खोडरबर काढलं. दोन पुढचं 'जरा मचूळ' खोडलं आणि 'खारं' लिहिलं. चार पुढचं 'खारं' खोडलं आणि 'जरा मचूळ' लिहिलं. शिसपेन्सिल दाबून लिहायची सवय तिची, म्हणून खोडताना कागद गोळा होत होता. ती हातानं तो सरळ करत होती आणि परत खोडत होती.

परतीच्या प्रवासात मुलांनी सोलापूरपर्यंत निवट्यांच्या उड्यांची नक्कल केली. ती खिडकीला डोकं लावून बसली. मी तिला चिवडा दिला तर तिनं मूठभर घेतला आणि म्हणाली, "बाई, तुमी तास घ्यायचा तवा माझं बरुबर यायचं का तुमी उगंच बरुबर म्हनायचा?" मी म्हणाले, "बरोबर यायचं." तिनं मान डोलावली, जशी मोठी माणसं समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून डोलावतात.

पुढच्या शनिवारी चौथीची मुलं नेहमीसारखी पाण्याच्या तासाला माझ्या वर्गात आली. वाटी तिच्यासमोर धरली तर ती म्हणाली, "मला न्हाय कळत बाई. दुसऱ्याला द्या." मॅडमनाही तिनं सांगून टाकलं की प्रदर्शनाला ती उभी राहणार नाही. मॅडमनी समजावलं, मीही समजावल्यासारखं केलं. तिची आई मला नळावर भेटली. "बाई, काय झालं वो तिकडं? पैलं घागर खाली ठिवायच्या आदी सांगायची, आई, आज पाणी दुसऱ्या बोअरचं सोडलंय. आता इचारलं तर म्हंती, म्या चुकते. लई गप झालीय."

मला हवं होतं ते झालं होतं. ती आता मॅडमची शास्त्रज्ञ राहिली नव्हती. माझीही नव्हती, ते सोडा. पण खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मी स्वतःला समजावत होते की मूल आहे, विसरेल. त्यातही मॅडमवर ढकलायला जागा शोधली: नळीचं लिहू असं त्याच म्हणाल्या ना? खोडायला त्यांनीच सांगितलं ना? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, माझा तर सुंभही अजून पेटला नव्हता.

तो पेटला एका साध्या गोष्टीनं. दुपारी ती पोरगी हौदाजवळ एकटी उभी होती. ओंजळीत पाणी घेतलं, जिभेवर घेतलं, डोळे मिटले. मी दारातून बघत होते. मला वाटलं, चला, आली जाग्यावर. तिनं डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं आणि पाणी पटकन ओतून टाकलं, चोरी करताना कुणी बघितलं तर करावं तसं. मग हात फ्रॉकला पुसत वर्गात गेली.

शाळा सुटल्यावर मी मॅडमना तांदळाची पोती असतात त्या खोलीत गाठलं. उभ्याउभ्या सांगितलं. बाटल्या मी बदलल्या, जाणूनबुजून बदलल्या, तुमची फजिती व्हावी म्हणून. त्यांनी हातातला पटाचा कागद घडी घालून ठेवला. मला वाटलं रडतील, किंवा ओरडतील. त्या म्हणाल्या, "मी रोज आप्पांना फोन करतेय, ताई. भरतीचं पाणी खालून सरकलं असेल का, मध्ये कुठं मिठागराचं पाणी सुटलं असेल का. त्या खाडीत मी पोहायला शिकले. मला वाटलं, मलाच माझी खाडी कळत नाही."

मी म्हणाले, "माझं चुकलं."

"मला कशाला सांगता?" त्यांचा आवाज आता चढला. "तिला सांगा. आणि सगळ्यांसमोर सांगा. तिनं खोडलं ते सगळ्यांसमोर खोडलं."

त्यांचं बरोबर होतं. त्यांचं बरोबर आहे हे कळून मला पुन्हा त्यांचा राग आला, आणि मला एवढं सरळ का सुचत नाही म्हणून पुन्हा हेवाही वाटला. माणसाची सवय अशी एका कबुलीनं सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी चौथीसमोर उभी राहिले. शब्द ठरवून आले होते, ते सगळे सुट्टीवर गेले. म्हणाले, "खाडीवर दोन आणि चारच्या बाटल्या बदलल्या होत्या. मी बदलल्या. जिभेचं बरोबर होतं."

पोरगी दुसऱ्या ओळीत. तिनं विचारलं, "का?"

शाळेच्या एवढ्या तपासण्या झाल्या, एवढे साहेब आले, पण इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "मला नव्या मॅडमचा हेवा वाटला," मी म्हणाले. "तू त्यांच्याकडं गेलीस म्हणून."

मागून एक पोरगं गंभीरपणानं म्हणालं, "मंग तुमाला उठाबशा कोन देनार, बाई?" मॅडमनी त्याला डोळ्यांनीच दाबलं. मला वाटलं, दिल्या असत्या कुणी तर बरं झालं असतं.

पोरीनं दप्तरातून वही काढली. ते पान उघडलं. दोन वेळा घासून कागद इतका झिरझिरीत झाला होता की मागच्या पानावरचं गणित दिसत होतं. तिथं लिहिता येईना, म्हणून तिनं शेजारच्या कोऱ्या पानावर पाचही ओळी नव्यानं लिहिल्या. लिहून झाल्यावर माझ्याकडं न बघता विचारलं, "म्हंजी होडीत म्या लिवलं त्येच खरं हुतं?"

"तेच खरं होतं."

"पैल्यापासनं?"

"पहिल्यापासून."

ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. तिनं वही मिटली, दप्तरात ठेवली आणि मॅडम शिकवायला लागल्या.

प्रदर्शनाला ती गेली. पाच पाण्यांसमोर उभी राहून आधी जिभेनं सांगायची आणि मग नळीनं दाखवायची. तिथं नंबर आला की नाही ते मी इथं लिहीत नाही, कारण मी त्या दिवशी गेले नाही. मॅडम म्हणाल्या होत्या चला. मीच नको म्हटलं. ती घरी पूर्वीसारखी बोलायला लागली असं तिची आई सांगते. माझ्याशीही बोलते. पिशवी घेते. शेळीला दोन करडं झाली ते मला तिनंच आधी सांगितलं.

उन्हं वाढायच्या आधी मॅडमनी तोच प्रयोग आमच्या ओढ्यावर लावला. गावठाणाच्या विहिरीपासून खाली तलावात ओढा शिरतो तिथपर्यंत पाच ठिकाणं. इथं समुद्र नाही, पण गोडं आणि मचूळ आहेच. बारा वाजेपर्यंत पाच बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या बांधल्या, एका सपाट दगडावर ओळीत ठेवल्या. लिंबाखाली डबे उघडायची वेळ झाली. मी सवयीनं म्हणाले, "जा रे सगळे. मी बसते बाटल्यांपाशी."

मुलं पळाली. ती थांबली. रागानं नाही, घुश्शात नाही; घरातल्या वडीलधाऱ्या बाईला उन्हातून उठवावं तशी, अगदी अदबीनं म्हणाली, "तुमी जावा बाई जेवायला. म्या बसते हितं." आणि दगडाला टेकून तिनं स्वतःचा डबा उघडला.

मी डबा घेतला आणि लिंबाखाली गेले.